पाय टेकण्याआधीच

नव्या मुलीचा कामाचा पहिला दिवस होता. सगळे पडद्यावर आपापल्या चौकोनात बसलेले. ओळखपाळख झाली, कोण काय बघतं ते सांगून झालं, आणि शेवटी आमच्या वरिष्ठांनी अगदी आपुलकीने, हसत तिला म्हटलं, ‘वी एक्स्पेक्ट यू टू हिट द ग्राउंड रनिंग.’ ती ‘शुअर’ म्हणाली आणि मान खाली घालून तिने काहीतरी लिहून घेतलं. तिचा माइक चालूच होता, त्यामुळे कागदावर पेन घासल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. बैठक संपली, एकेक चौकोन नाहीसा झाला, पण तो आवाज माझ्या डोक्यातून दिवसभर जाईना. तिने नेमकं काय लिहून घेतलं असेल? त्या वाक्यात ना कामाची यादी होती, ना तारीख, ना कुणाला काय विचारायचं याचा पत्ता. होती ती एवढीच अपेक्षा, की तुला उभं राहायला वेळ लागता कामा नये.

माझा सगळा दिवस इंग्रजीत जातो. दुसऱ्यांची पत्रं, अहवाल, सूचना वाचायच्या, सुधारायच्या, पुढे पाठवायच्या. काम सुरू करण्याचे हे वाक्प्रचार रोज ढिगाने डोळ्यांखालून जातात. ‘किक ऑफ’, ‘लाँच’, ‘गेट द बॉल रोलिंग’, ‘गेट क्रॅकिंग’, ‘जंप इन’. इतके सरावाचे झालेत की त्यांच्या आत काही चित्र आहे हे लक्षातही येत नाही. त्या दिवशी मात्र ते चित्र लख्ख दिसलं. जमिनीला पाय लागतील तेव्हा ते आधीच पळत असले पाहिजेत. चालत्या गाडीतून उडी टाकणारा माणूस. किंवा, माझ्या मनात आला तसा, हवाई छत्री घेऊन आकाशातून उतरणारा सैनिक.

आणि तो सैनिक तर पळत उतरतच नाही.

लष्करातल्या गोल छत्रीने उतरणाऱ्याला सगळ्यात आधी शिकवतात ते पडायला. दोन्ही पावलं आणि गुडघे एकमेकांना चिकटवायचे, गुडघे जरासे वाकवायचे, हनुवटी छातीशी घ्यायची. आधी चवडे टेकवायचे, मग पोटरीची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठीची एक कड, असं अंग एका बाजूला लोळवत न्यायचं. पडण्याचा धक्का एका जागी न घेता सगळ्या अंगात वाटून टाकायचा. अमेरिकी लष्कराचं हे प्रशिक्षण 3 आठवड्यांचं असतं. पहिला आठवडा जमिनीवरच जातो आणि त्यात ठेंगण्या चौथऱ्यावरून पुन्हा पुन्हा पडायचा सराव असतो. दुसरा आठवडा मनोऱ्यांवर. विमान येतं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा 5 उड्या होतात. त्या छत्रीखाली कुणी खरोखर पाय पळवत उतरला, तर एक पाय आधी टेकेल, सगळा भार त्याच्यावर येईल आणि घोटा जाईल. म्हणजे ज्याच्या रुबाबावर हे वाक्य उभं आहे, त्याला त्याचे शिक्षक याच्या बरोबर उलट शिकवतात. आधी नीट पड, लोळ, ऊठ, छत्री आवर. पळायचं ते त्यानंतर.

हे एकदा दिसल्यावर मी बाकीच्या वाक्प्रचारांकडेही त्यांच्या मूळच्या जागी जाऊन बघायला लागले. कार्यालयात येण्याआधी हे शब्द कुठे राहत होते, कुणाच्या हातात होते? ‘किक ऑफ’ घ्या. प्रत्येक प्रकल्पाची पहिली बैठक आता किक ऑफ असते, आणि ऐकताना वाटतं, एक जोरदार लाथ बसली की चेंडू थेट समोरच्या गोलाकडे. फुटबॉलच्या मैदानावर काय होतं? चेंडू मधोमध ठेवलेला, समोरचा संघ 9.15 मीटर लांब उभा, शिट्टी वाजते आणि बहुतेक संघ चेंडू हळूच मागे, आपल्याच खेळाडूकडे ढकलतात. 2016 पर्यंत नियमाने ही पहिली लाथ पुढेच मारावी लागे, म्हणून दोघं जवळ उभे राहायचे. एकजण चेंडू नावापुरता पुढे सरकवायचा आणि दुसरा तो मागे द्यायचा. 2016 मध्ये नियम बदलला, चेंडू कुठल्याही दिशेला मारायची मुभा मिळाली, आणि तो उघडपणे मागे जायला लागला. मला हे फार आवडतं. ज्यांचा तो रोजचा खेळ आहे त्यांना मोकळीक मिळाल्याबरोबर त्यांनी आधी मागे वळून आपली माणसं कुठे उभी आहेत ते पाहिलं. आमच्या किक ऑफ बैठकांत हे क्वचितच घडतं.

‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’चंही तसंच. आपण तो शब्द जवळजवळ दीनवाणा करून टाकलाय. हाताशी काही नाही, पाटी कोरी, शून्यातून उभं करायचंय, म्हणजे फ्रॉम स्क्रॅच. स्क्रॅच म्हणजे शर्यतीसाठी जमिनीवर ओढलेली रेघ. जुन्या शर्यतींत कमी ताकदीच्या धावपटूंना काही अंतर पुढे उभं करत, म्हणजे चुरस व्हावी. ज्याला कसलीच सवलत नाही तो त्या रेघेवरून सुटायचा, आणि त्याला सवलत नसायची कारण तो सगळ्यांत तगडा मानला जायचा. गोल्फमध्ये अजूनही स्क्रॅच खेळाडू म्हणजे ज्याला सवलतीच्या फटक्यांची गरज नाही असा पट्टीचा खेळाडू. आता नवशिक्याला सांगतात, सगळं स्क्रॅचपासून उभं कर. ज्या रेघेवर फक्त दादा माणसाला उभं करत, तिथे आपण आज आलेल्या पोरीला उभं करतो. तिच्यासाठी काही पावलं पुढची जागा राखून ठेवायची पद्धत कधी मोडली, कुणास ठाऊक.

या सगळ्यात मला आतून माहीत असलेला एकच, ‘किक स्टार्ट’. वडिलांकडे एक जुनी मोटारसायकल होती, एका सिलिंडरची, जड. ती सुरू करणं हा एक सोहळाच असायचा आणि तो बघायला मी पायरीवर बसलेली असे. लोकांना वाटतं, किक मारायची म्हणजे दाणकन पाय हाणायचा. वडील तसं कधीच करत नसत. ते आधी पेट्रोलचा कॉक उघडत, मग गाडीवर उभे राहून किकच्या दांड्यावर पाय नुसता टेकवत आणि अगदी सावकाश खाली दाबत. दांडा थोडा खाली जाई आणि मग अडे. त्या अडण्याची ते वाट बघत. आत दट्ट्या वर आलाय, पुढे हवा दाबली गेलीय, हे त्यांच्या तळपायाला कळायचं. मग हँडलवरची एक छोटी कळ दाबून दट्ट्या किंचित पुढे सरकवायचा, दांडा पुन्हा वर येऊ द्यायचा, आणि मगच सगळं अंग सोडून एक लांब, पूर्ण किक. अर्धवट, घाईची किक मारली तर इंजिन उलट फटका देतं. दांडा झटक्यासरशी वर येऊन नडगी फोडतो. मलाही त्यांनी एकदा दांड्यावर हात ठेवायला दिला होता. लोखंड गार होतं, खाली दाबताना आत काहीतरी श्वास रोखून धरल्यासारखं घट्ट लागलं. ‘इथे थांबायचं,’ ते म्हणाले होते. पेट्रोलचा तो उग्र, गोडसर वास आणि ते ‘इथे थांबायचं’ माझ्या मनात एकमेकांना चिकटून बसलंय. आज अर्थव्यवस्था किक स्टार्ट करतात, मोहिमा किक स्टार्ट करतात, माणसांची कारकीर्दही करतात. शब्द आला, पण पायाखाली चाचपण्याचा तो क्षण मागेच राहिला.

धावण्याच्या शर्यतीत तर ऐकायला लागणारा वेळ नियमात धरलेला आहे. इंग्रजीत उतावळ्या सुरुवातीला ‘जंप द गन’ म्हणतात, पिस्तुलाच्या आवाजाआधीच निघणं. मोठ्या स्पर्धांत आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत ठोकळ्यावरून जोर दिला तरी ती चुकीची सुरुवात धरतात. का, तर एवढ्या लवकर हललेला माणूस ऐकून हललेला नाही, अंदाजाने हललाय असं मानलं जातं. 2010 पासून नियम आणखी कडक झाला, पहिल्याच चुकीला बाद. 2011 च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियातल्या दैगू इथे 100 मीटरच्या अंतिम शर्यतीतून उसेन बोल्ट असाच बाहेर गेला. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसालाही सांगितलं गेलं, आधी ऐक, मग नीघ.

‘लाँच’ हा शब्द माझ्याकडे दिवसाला कितीदा येतो ते सांगणं अवघड आहे. वस्तू लाँच होते, संकेतस्थळ लाँच होतं, एखादा नवा फॉर्मही लाँच होतो. शब्द मुळात भाल्याच्या कुळातला, भिरकावणे या अर्थाचा. पण इंग्रजीत तो मुरला जहाजांच्या गोदीत. आणि गोदीतली लाँचची एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यापासून हा शब्द मी पूर्वीच्या सहजपणे पुढे ढकलू शकत नाही. इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरने लंडनमध्ये थेम्सच्या काठी मिलवॉलला ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचं जहाज बांधलं. लांबी जवळपास 211 मीटर; त्या काळात एवढं मोठं जहाज जगात दुसरं नव्हतं. नेहमीसारखं नाकासमोर पाण्यात सोडायला नदी पुरली नसती, म्हणून ते काठाला समांतर बांधलं आणि आडवंच, कुशीवर सरकवत न्यायचं ठरलं. 3 नोव्हेंबर 1857 हा दिवस ठरला. ब्रुनेलला हवी होती शांतता. एवढं अवाढव्य धूड दोन टोकांनी सारखं सरकवायचं तर कामगारांना त्याच्या खुणा आणि हाका कळायला हव्या होत्या. कंपनीने मात्र त्याला न विचारता हजारो तिकिटं विकली होती. काठावर जत्रा लोटली. इशारा झाला, जहाज थोडं हललं, साखळ्यांच्या रहाटाचे दांडे गरगर उलटे फिरले, माणसं फेकली गेली, आणि जहाज थांबलं. त्या दिवशी ते जेमतेम मीटरभर सरकलं असेल.

पुढे सगळा नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी ते इंचाइंचाने ढकलत होते. थंडी, धुकं, पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक, त्यांतले काही फुटायचे, नवे आणायचे. अखेर 31 जानेवारी 1858 ला मोठ्या भरतीने जहाज तरंगलं. तेव्हा ना गर्दी होती ना बँड. तरंगलं तरी ते पुरं झालेलं नव्हतंच. आतलं बरंच काम बाकी होतं आणि कंपनीकडचे पैसे संपले होते. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रवासाला ते निघालं जून 1860 मध्ये. ते बघायला ब्रुनेल नव्हता, तो सप्टेंबर 1859 मध्येच गेला. या जहाजाला जॅक पुरवणारे बर्मिंगहॅमचे टँग्ये बंधू तेव्हा अगदी लहान कारखानदार होते. या कामाने त्यांचं नाव झालं. पुढे ते म्हणत, आम्ही ग्रेट ईस्टर्नला लाँच केलं आणि ग्रेट ईस्टर्नने आम्हाला.

मग लाँचचा दिवस नेमका कुठला धरायचा? तिकिटांवर छापलेला की तरंगल्याचा? मला वाटतं मधले ते जवळपास 3 महिने. पण त्यांच्यासाठी कुठल्याच निमंत्रणपत्रिकेवर जागा नसते.

आता हेही खरं की घाईचे सगळेच शब्द मला परके वाटतात असं नाही. मला इंग्रजी लिहायला शिकवणाऱ्या बाई कोऱ्या कागदासमोर अडून बसलेल्या मुलीच्या मागे येऊन उभ्या राहत आणि टेबलावर बोटांनी टकटक करून म्हणत, ‘गेट क्रॅकिंग!’ त्यात धाक होता, पण त्याहून जास्त विश्वास होता. तुझ्याकडे लिहिण्यासारखं आहे, उगाच रेंगाळू नकोस. त्यांच्या तोंडी तो शब्द मला अजूनही हवासा वाटतो, आणि एखाद्या लांबलेल्या दुपारी मी तो स्वतःलाच ऐकवते. फरक एवढाच की त्या मागे उभ्या असत. शब्द सांगून निघून जात नसत. पहिली ओळ उमटेपर्यंत त्यांची सावली वहीवर असायची. आणि काही माणसांना खरंच ढकलायची गरज असते, काही दिवसांना तर असतेच. त्यामुळे ‘हे शब्द वाईट’ असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

इंग्रजीत सुरू होण्याच्या इतक्या बारीक छटा आहेत की ती भाषा घाईचीच आहे असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. रोजच्या वापरातले तीन शब्दच बघा. ‘बिगिन’ जुन्या इंग्रजीतला, घरचा. ‘कमेन्स’ नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंचमधून आलेला, अजूनही नोटिशीत आणि न्यायालयात वावरणारा. अमेरिकेत तर पदवीदान समारंभालाच कमेन्समेंट म्हणतात, शिक्षण संपतं त्या दिवसाला. आणि ‘स्टार्ट’चा जुना अर्थ दचकून उडणं, एकदम उसळणं, ‘स्टार्टल’ त्याच घरातला. कोणी न करता सुरू होणाऱ्या गोष्टींसाठी वेगळंच: पावसाची झड, थंडी, कुजणं, निराशा ‘सेट इन’ होतात, युद्ध, आग, साथ ‘ब्रेक आउट’ होते. कामाला लागणं हे ‘गेट डाउन टू’, म्हणजे खाली उतरून त्याच्यापाशी जाणं. आणि मला सगळ्यांत प्रिय आहे ते ‘गेट राउंड टू’. करायचं आहे, मनात आहे, पण आपण त्याच्याभोवती फिरतोय. बाकीचं आवरता आवरता कधीतरी तिथवर पोचू. आळशी माणसाचा शब्द म्हणून त्याची संभावना होते. मला तो प्रामाणिक वाटतो. बरीचशी महत्त्वाची कामं मी तशीच गाठली आहेत, वळसा घालून.

नवख्या माणसासाठीही या भाषेकडे मायेचे शब्द आहेत. ‘फाइंड युअर फीट’, आपली पावलं शोध. ‘गेट युअर फीट वेट’, आधी नुसते पाय भिजव. आणि ‘लर्न द रोप्स’, जो शिडाच्या जहाजांवरचा आहे. एकेका जहाजावर दोरांचं जंजाळ असे. शीड वर चढवणारे वेगळे, त्याचा कोन फिरवणारे वेगळे, आडव्या दांडीला वळवणारे वेगळे. आणि दिसायला सगळे एकसारखेच. रात्री, वादळात दिव्याशिवाय नेमका दोर हाताला लागायला हवा, कारण चुकीचा सुटला तर डोक्यावरचं सगळं खाली यायचं. म्हणून ते जागेवरून लक्षात ठेवायचे, कठड्यावरच्या खुंट्या चाचपत, हाताला पाठ होईपर्यंत. तोवर नव्या खलाशाला अंधारात एकट्याला दोर सोडायला कुणी सांगत नसे. हा शब्द आजही नोकरीत वापरतात, पण पहिल्या दिवशी, हसून, सगळ्यांसमोर सांगायच्या वाक्यात तो फारसा येत नाही. तो येतो नंतर, चहाच्या वेळी, एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या तोंडी, आवाज खाली करून. असं का व्हावं? भरतीच्या जाहिरातीत, स्वागताच्या पत्रात ‘पहिले काही आठवडे दोर ओळखण्यात जातील’ असं कुणी मोठ्याने का लिहीत नाही? लिहिलं तर माणसं आळशी होतील ही भीती मला पटत नाही. जहाजांवर तर ती कुणी बाळगली नव्हती.

अलीकडे मी एका वेगळ्याच शब्दाकडे कान लावून असते. तो इतका छोटा आहे की वाक्प्रचारांच्या कुठल्याच यादीत मला तो सापडला नाही. ‘शॅल वी?’ टेबलाभोवती सगळे बसलेत, कागद सरळ करून झालेत, आणि कुणीतरी भुवया किंचित उंचावून म्हणतं, शॅल वी? दोन वादक वाद्यं जुळवून एकमेकांकडे बघतात, शॅल वी? त्यात चेंडू नाही, जहाज नाही, पिस्तूल नाही. क्रियापदसुद्धा अर्धंच, काय करायचं ते दोघांना ठाऊक आहे म्हणून सोडून दिलेलं. काम सुरू करणारा त्यात दुसऱ्याची परवानगी मागतो आणि स्वतःलाही त्याच्या सोबत धरतो. मी पाठवते त्या पत्रांत ते बसत नाही, लेखी इंग्रजीला ते फार बोलीतलं वाटतं. पण बैठकींत मी ते मुद्दाम वापरायला लागलेय. गंमत म्हणजे बहुतेक लोक त्यावर नुसतीच मान हलवतात आणि काम सुरू होतं, कुठल्याही ‘किक ऑफ’इतक्याच झटपट. आणि मधूनच कुणीतरी म्हणतं, ‘गिव्ह मी अ मिनिट.’ मग आम्ही तो मिनिट देतो. कुणी चष्मा शोधतं, कुणी एखादं पान पुन्हा वाचतं, कुणी न समजलेलं तेवढ्यात विचारून घेतं. ‘गेट क्रॅकिंग’ म्हटलं असतं तर तो प्रश्न बहुधा बैठक संपल्यावरही कुणी विचारला नसता.